श्वेनिंगनचे घड्याळजी आणि १९७२ च्या मर्सिडीझचे मूळ घड्याळ

माझ्याकडे १९७२ सालची मर्सिडीझ-बेंझ २२० डी आहे. ही मालिका १९६८ मध्ये बाजारात आली आणि त्या सालावरूनच जर्मनीत तिला ‘श्ट्रिश-आख्ट’, म्हणजे ‘रेघ-आठ’, असे म्हणतात. चालकासमोर तीन गोल तबकड्या आहेत. डाव्या तबकडीत डिझेलची पातळी, पाण्याचे तापमान आणि तेलाचा दाब दिसतो, मधली वेगमापकाची आहे आणि उजवीकडे घड्याळ आहे. हे घड्याळ माझ्या गाडीत दीर्घकाळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेले होते. ते ज्यांनी दुरुस्त केले, त्या जर्मनीतील श्वेनिंगन येथील घड्याळजींच्या सेवेचे हे परीक्षण आहे. दुरुस्तीला आता दीड वर्ष होऊन गेले आहे, दोन हिवाळे पार पडले आहेत आणि घड्याळ एकदाही स्वतःहून थांबलेले नाही, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आला आहे असे मी समजतो.

घड्याळजींचे नाव येथे देत नाही. ते सत्तरी ओलांडलेले आहेत, एकटे काम करतात, आणि हातातील कामेच संपत नसल्याने नाव छापू नये अशी त्यांनी स्वतः विनंती केली. तरीही काम कसे झाले हे तपशिलाने सांगतो, कारण अशी दुरुस्ती करून घेऊ इच्छिणाऱ्या माणसाला दुरुस्त करणाऱ्याचे नाव कळण्यापेक्षा त्याला कोणते प्रश्न विचारावेत हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रथम या घड्याळाचे आतले काम समजून घ्यायला हवे, त्यावाचून चांगली दुरुस्ती आणि वाईट दुरुस्ती यांतला फरक ध्यानात येणार नाही. बॅटरीची तार जोडलेली असल्याने ते विजेवर चालणारे घड्याळ वाटते, परंतु त्यात वेळ मोजण्याचे काम वीज करीत नाही. चावीच्या घड्याळात असते तसेच बॅलन्स व्हील (मागे-पुढे झुलणारे चक्र), हेअरस्प्रिंग (त्या चक्राला परत खेचणारी केसासारखी बारीक कमान) आणि दातेरी चक्रे यात आहेत आणि त्यांना चालवणारी एक लहानशी कमान आहे. चावीच्या मनगटी घड्याळाची कमान आपण दिवसातून एकदा भरतो, या घड्याळाची कमान मात्र जेमतेम दोन-तीन मिनिटे पुरते. ती उतरत आली की दोन संपर्कबिंदू एकमेकांना टेकतात, बॅटरीचा प्रवाह तांब्याच्या कॉइलमधून वाहतो, कॉइलच्या चुंबकत्वाने ओढला गेलेला लोखंडी तुकडा कमानीला एका झटक्यात पुन्हा ताण देतो आणि त्याच झटक्याने संपर्कबिंदू एकमेकांपासून दूर होऊन प्रवाह तुटतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे सारे उरकते आणि आपल्याला ऐकू येतो तो फक्त ‘खट्ट’ असा एक आवाज. इंजिन बंद करून गाडीत शांत बसले तर दर दोन-तीन मिनिटांनी तो स्पष्ट ऐकू येतो, आणि ज्यांनी या गाड्या तरुणपणी चालवल्या आहेत त्यांना तो आवाज गाडीच्या वासाइतकाच ओळखीचा असतो.

या रचनेत एक धोका आहे आणि तो ओळखूनच ती बनवलेली आहे. कॉइल क्षणभराच्या प्रवाहासाठी गुंडाळलेली असते. बॅटरी उतरलेली असेल तर चुंबकाची ओढ अपुरी पडते, कमान पूर्ण ताणली जात नाही, संपर्क तुटत नाही आणि प्रवाह तसाच वाहत राहतो. असे काही मिनिटे चालले तर कॉइल तापून जळू शकते, आणि डॅशबोर्डच्या मागे, जुन्या तारांच्या जुडग्यात, काही जळणे किती वाईट हे वेगळे सांगायला नको. म्हणून घड्याळाच्या मागच्या बाजूला एक पातळ, ताणून धरलेली धातूची पट्टी असते. ती फार कमी तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरच्या एका ठिपक्याने चिकटवलेली असते. कॉइल तापू लागली की हा डाख वितळतो, पट्टी स्वतःच्या ताणाने उसळून बाजूला होते आणि प्रवाह तुटतो. घड्याळ बंद पडते, पण कॉइल वाचते. अशी थांबलेली घड्याळे पुष्कळदा बिघडलेली नसतातच, त्यांनी स्वतःला वाचवलेले असते.

माझे घड्याळ २०२२ मध्ये ज्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा दुरुस्तीला दिले, तेथे हे कोणाला ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असून त्यांनी दुर्लक्ष केले. त्यांनी उसळलेली पट्टी पाहिली, ती दाबून जागेवर बसवली आणि नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक कामाच्या सोल्डरने पक्की केली. घड्याळ लगेच चालू झाले. अर्ध्या तासाचे काम, चाळीस युरो, आणि मी आनंदाने घरी आलो. कथील आणि शिसे यांच्या नेहमीच्या मिश्रणाचा द्रवणांक १८० अंश सेल्सिअसच्या पुढे असतो आणि शिसेविरहित सोल्डरचा त्याहूनही वर. म्हणजे जो डाख पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास वितळायला हवा, तो त्याच्या जवळपास दुप्पट तापमानापर्यंत घट्ट धरून राहणार होता. त्या हिवाळ्यात गाडी अडीच महिने उभी राहिली, बॅटरी हळूहळू उतरली, आणि फेब्रुवारीत दार उघडले तेव्हा करपलेल्या लाखेसारखा वास आला. घड्याळ बंद होते. पट्टी जागच्या जागी घट्ट होती आणि कॉइलवरचे आवरण काळे पडले होते. गाडी बंद गॅरेजमध्ये उभी होती आणि गॅरेजच्या वर आमचे झोपायचे दालन आहे. या गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि या लेखातला माझा मुख्य आग्रहही तिथूनच आलेला आहे : तो कच्चा, म्हणजे लवकर वितळणारा, डाख या घड्याळाचा एक भाग आहे, आणि जो दुरुस्त करणारा तो कच्चाच ठेवतो त्याच्याच हाती घड्याळ द्यावे.

पुढे काय करावे हा विचार करताना माझ्यासमोर तीन मार्ग होते. जुन्या बाजारातून दुसरे घड्याळ घेणे हा पहिला, पण त्यात आपल्या घड्याळाच्या वयाचेच आणि बहुधा त्याच दुखण्याचे दुसरे घड्याळ हाती येते. तबकडी आणि काटे तसेच ठेवून आतले यंत्र काढून टाकायचे आणि तेथे क्वार्ट्झ यंत्र बसवायचे हा दुसरा, आणि तो आज सर्वांत जास्त वापरला जातो. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला काही सेकंदांपलीकडे चुकत नाही, त्याला फारच थोडी वीज लागते आणि जळण्यासारखी कॉइल त्यात नसते. परंतु बारा व्होल्टचे दीड व्होल्ट करण्यासाठी त्यात एक छोटे सर्किट घालावे लागते, मूळ काट्यांची भोके नव्या यंत्राच्या दांड्यांवर बसावीत म्हणून ती घासून मोठी करावी लागतात किंवा आतून नळ्या बसवाव्या लागतात, काही वेळा मागचे कवचही कापावे लागते, आणि एकदा हे झाले की परतीचा रस्ता बंद होतो. शिवाय तो ‘खट्ट’ आवाज जातो. माझ्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट आहे. जर्मनीत ती किमान तीस वर्षांच्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांनाच मिळते. तपासनिसाने घड्याळाच्या आत डोकावून पाहिले नसते हे खरे, पण मी मात्र रोज त्याच्याकडे पाहणार होतो. म्हणून मूळ यंत्राचीच नीट दुरुस्ती करून घेण्याचा तिसरा मार्ग मी धरला.

श्वेनिंगनला जाण्याचे एक कारण सोयीचे होते आणि दुसरे मनाचे. मी श्टुटगार्टला राहतो आणि ए-८१ या महामार्गाने दक्षिणेला शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले की हे गाव येते. श्टुटगार्टमधून वाहणारी नेकार नदी या गावाजवळच्या दलदलीत उगम पावते. परंतु खरे कारण असे की हे घड्याळ ज्या कीन्त्स्ले नावाच्या कारखान्याचे आहे, तो याच गावातला. १८२२ मध्ये योहानेस श्लेंकर यांनी सुरू केलेल्या व्यवसायात १८८३ साली याकोब कीन्त्स्ले आले आणि पुढे त्यांच्याच नावाने तो ओळखला गेला. एके काळी या गावातील घराघरांत कोणी ना कोणी घड्याळाच्या कारखान्यात कामाला होते. आज ते कारखाने राहिलेले नाहीत. श्वेनिंगन आणि शेजारचे फिलिंगन ही दोन गावे १९७२ मध्ये, म्हणजे माझी गाडी बनली त्याच वर्षी, एका नगरपालिकेत जोडली गेली. ब्युर्क यांच्या जुन्या घड्याळ कारखान्याच्या इमारतीत आता घड्याळ उद्योगाचे संग्रहालय आहे आणि तेथील जुनी यंत्रे चालू अवस्थेत पाहता येतात. घड्याळ देऊन परतताना मी तेथे दोन तास घालवले. सवड असेल त्याने ते जरूर पाहावे.

कार्यशाळा एका राहत्या घराच्या तळमजल्यावर आहे. पाटी लहान आहे, आत एक लांब टेबल, खिडकीतून येणारा उत्तरेकडचा उजेड, आणि भिंतीवर मोटारींच्या घड्याळांचे उघडे सांगाडे ओळीने टांगलेले. घड्याळजींनी घड्याळ हातात घेतले, मागची पट्टी पाहिली आणि कोणी केले हे न विचारता एवढेच म्हणाले, “आधी हे काढू, मग बाकीचे बोलू.” त्यांनी बहुमापक (मल्टिमीटर) लावला, कॉइलचा रोध मोजला आणि आतील काही वेढे एकमेकांना चिकटले असावेत असे सांगितले. नंतर एका जुन्या डब्यातून तशाच मापाचे यंत्र काढून दाखवले आणि विचारले, “कॉइल याच्यातली वापरली तर तुम्हाला चालेल का? ती नवी नाही, पण त्याच कारखान्याची आहे.” मी होकार दिला. ही गोष्ट त्यांनी पुढे बिलातही स्पष्ट लिहिली : कॉइल दुसऱ्या यंत्रातील, बाकी सर्व भाग मूळ. पुढे कधी गाडी विकली तर तो कागद तिच्याबरोबर जाईल.

अंदाजपत्रक दोन दिवसांत आले. साफसफाई, तेल, संपर्कबिंदूंचे काम, कॉइल, डाख आणि चाचणी या सर्वांचे मिळून करासह १९० युरो सांगितले होते आणि शेवटी तेवढेच घेतले. काम सुरू केल्यावर आणखी काही निघाले तर आधी फोन करीन असे लिहिले होते आणि त्याप्रमाणे एकदा फोन आलाही. बॅलन्स व्हीलच्या दांड्याचे एक टोक झिजलेले होते. ते पॉलिश करून चालेल, पण आठवड्याला मिनिटभर जास्त चुकेल, किंवा दुसरा दांडा बसवता येईल, असे दोन पर्याय त्यांनी ठेवले. स्वतः पहिला सुचवला आणि त्याला वेगळे पैसे लागणार नाहीत हेही सांगितले. महाग पर्याय पुढे रेटण्याची संधी असताना त्यांनी तसे केले नाही, याची येथे नोंद करतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पन्नास वर्षांत घड्याळातील तेल डिंकासारखे होते. अशा घड्याळावर वरून स्प्रे मारला तर ते काही दिवस चालते आणि मग आधीपेक्षा वाईट अडते, कारण विरघळलेला चिकटा दुसरीकडे जाऊन बसतो. येथे यंत्र पूर्ण सुटे केले गेले, प्रत्येक चक्र श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) ध्वनिलहरींच्या टाकीत धुतले गेले, लाकडी काडीने प्रत्येक भोक साफ केले गेले आणि प्रत्येक टोकाला घड्याळाचे कृत्रिम तेल सुईच्या अग्राएवढे दिले गेले. संपर्कबिंदू वारंवार उडणाऱ्या ठिणग्यांनी खड्डे पडलेले होते. कॉइलमधला प्रवाह अचानक तुटला की तिच्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडू पाहते, आणि ही ठिणगी त्यातूनच येते. त्यांनी ते बिंदू अतिशय बारीक पॉलिशकागदाने सपाट केले आणि कॉइलला समांतर एक छोटा डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावण्याची सूचना केली. त्यामुळे ठिणगी जवळपास नाहीशी होते आणि बिंदू कितीतरी अधिक काळ टिकतात. मूळ रचनेत तो नव्हता, म्हणून मी एक दिवस विचार केला. परंतु तो दोन टाक्यांनी लावलेला असतो, कधीही काढता येतो आणि त्याच्यासाठी मूळ भागाला हात लावावा लागत नाही, म्हणून मी संमती दिली. मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. डायोड लावल्यानंतर धन आणि ऋण तारा उलट जोडून चालत नाही. त्यांनी घड्याळाच्या मागे लाल ठिपका काढून ते दाखवून ठेवले आहे.

डाखाचे काम करताना मी स्वतः हजर होतो, कारण तशी विनंती मी केली होती. त्यांनी आधीचे सोल्डर एक कणही न ठेवता काढले. जुन्या सोल्डरचा थोडासा अंश नव्या मिश्रणात मिसळला तरी द्रवणांक वर चढतो, असे ते म्हणाले. मग त्यांनी रोझ मिश्रधातूची एक बारीक कांडी घेतली. हा बिस्मथ, शिसे आणि कथील यांचा मिश्रधातू आहे आणि तो साधारण ९४ ते ९८ अंश सेल्सिअसला वितळतो. त्यांनी ती कांडी माझ्यासमोर उकळत्या पाण्याच्या भांड्यात धरली आणि ती पाण्यात पाऱ्याच्या थेंबासारखी गळून पडली. नेहमीचे सोल्डर त्याच पाण्यात धरले तेव्हा त्याला काहीच झाले नाही. घड्याळाच्या सुरक्षेविषयी मी आजवर वाचलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा मला या दोन मिनिटांनी अधिक शिकवले. वूड मिश्रधातू आणखी खाली, ७० अंशांच्या सुमारास, वितळतो, पण त्यात कॅडमियम असते आणि त्याची वाफ विषारी असल्याने ते तो वापरत नाहीत. शिवाय उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापू शकतो हे पाहता इतका कच्चा डाख विनाकारणही सुटू शकेल, असे त्यांचे मत होते आणि ते मला पटले.

चाचणीची पद्धत मला विशेष आवडली. घड्याळ दहा दिवस टेबलावर चालले, परंतु विजेच्या एकाच दाबावर नव्हे. इंजिन चालू असताना गाडीत चौदाच्या आसपास व्होल्ट असतात, उभ्या गाडीत साडेबारा, आणि थंडीत डिझेल इंजिन सुरू करताना, विशेषतः इंजिन आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगनी प्रवाह खेचलेला असताना, दाब नऊ-दहापर्यंतही खाली जातो. त्यांनी या प्रत्येक दाबावर घड्याळ चालवले आणि नऊ व्होल्टलाही कमान पूर्ण ताणली जाते हे दाखवले. शेवटी त्यांनी लोखंडी तुकडा हाताने अडवून धरला, म्हणजे संपर्क तुटणार नाही अशी स्थिती मुद्दाम निर्माण केली, आणि थोड्या वेळात डाख सुटून पट्टी टणकन उसळली. कॉइल गरम झाली होती, पण जळली नव्हती. त्यानंतर त्यांनी तो डाख पुन्हा घातला. आपण बसवलेली सुरक्षा खरोखर काम करते हे पाहण्यासाठी स्वतःचे काम मोडून पुन्हा करणारा दुरुस्तीवाला मी पूर्वी पाहिला नव्हता.

आता उणिवा. पाच आठवडे सांगितले होते, सात लागले. त्या काळात मी पाठवलेल्या दोन ई-मेलना उत्तर आले नाही. ते फोनवर बोलतात, तेही दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. नोकरी करणाऱ्याला ही वेळ गैरसोयीची आहे. कार्ड चालत नाही, रोख रक्कम किंवा बँकेतून भरणा, एवढेच. तबकडीच्या बाबतीत माझी थोडी निराशा झाली. पांढऱ्या आकड्यांवर पिवळसर छटा आलेली आहे आणि ती घालवून द्यावी अशी माझी इच्छा होती, पण त्यांनी तबकडीवर फक्त हवेचा फुगा मारून धूळ काढली आणि पुढे काही करण्यास नकार दिला. आकड्यांची छपाई पन्नास वर्षांची आहे, ओल्या कापसानेही ती निघून येते आणि पुन्हा छापलेली तबकडी कधीच तशी दिसत नाही, हे त्यांचे कारण. मी तेव्हा नाराज झालो होतो. नंतर एका मेळाव्यात दुसऱ्या गाडीतली पुन्हा छापलेली तबकडी पाहिली, तिच्यावरच्या आकड्यांची जाडी बाजूच्या वेगमापकाशी जुळत नव्हती, आणि तेव्हापासून त्या नकाराबद्दल माझी तक्रार राहिलेली नाही. घड्याळाच्या मागचा दिवा मात्र त्यांनी तपासायला हवा होता. तो गाडीच्या तारांचा भाग आहे, घड्याळाचा नाही, असे ते म्हणाले. नियमाप्रमाणे ते बरोबर असेल, पण तबकड्यांचा फलक पुन्हा काढून दिवा बदलण्याचे काम मला करावे लागले.

फलक काढणे हे काम हलक्यात घेऊ नये, हेही या निमित्ताने सांगतो. घड्याळजी गाडीला हात लावत नाहीत, सुटे घड्याळच घेतात. या गाडीत तेलाच्या दाबाचा मापक विजेवर चालत नाही, त्याच्यापर्यंत इंजिनातून तेलाची बारीक नळी आलेली असते. फलक जोरात ओढला आणि ती नळी पिळली गेली किंवा तुटली, तर गालिच्यावर इंजिनचे तेल येते. वेगमापकाची केबलही आधी मागून सोडवावी लागते. मला पहिल्या वेळी दोन तास लागले, दुसऱ्या वेळी चाळीस मिनिटे.

घड्याळ परत बसवल्यावर पहिल्या आठवड्यात ते दोन मिनिटे पुढे गेले. त्यांनी आधीच सांगितले होते की टेबलावरची वेळ आणि गाडीतली वेळ यांत फरक पडतो, कारण गाडीत घड्याळ थोडे कलते असते, धक्के बसतात आणि तापमान बदलते. त्यांनी दाखवल्याप्रमाणे मागचा नियंत्रक केसभर हलवला आणि आता ते आठवड्याला मिनिटाच्या आतच पुढे जाते. क्वार्ट्झच्या तुलनेत ही चूक मोठी आहे, पण १९७२ मध्ये ही गाडी घेणाऱ्या माणसाला याहून अधिक अचूकता मिळत नव्हती. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये येथे सर्व घड्याळे तासभर पुढे-मागे करावी लागतात, तेव्हा मी त्याची वेळ नीट लावतो आणि मधल्या काळात क्वचितच हात लावतो. गेल्या जानेवारीत गाडी सहा आठवडे उभी होती. मात्र आता गाडी उभी करताना बॅटरीची ऋण तार काढून ठेवायची आणि पुन्हा जोडताना बॅटरी पूर्ण भरलेली असल्याची खात्री करायची, ही त्यांनी दिलेली सूचना मी काटेकोर पाळतो. त्या सहा आठवड्यांनंतर तार जोडताच घड्याळातून ‘खट्ट’ असा आवाज आला आणि ते सुरू झाले. कामाची लेखी हमी दोन वर्षांची आहे, तिचा उपयोग करण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

पुण्यात आणि मुंबईत याच मालिकेच्या गाड्या जपणारे काही जण माझ्या परिचयाचे आहेत आणि त्यांच्याकडून हाच प्रश्न वारंवार येतो, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. घड्याळ जर्मनीला पाठवणे शक्य आहे, पण जकात, विमा आणि टपालाचा वेळ धरला तर ते अवघड होऊन बसते. एचएमटीची चावीची घड्याळे ज्यांनी वर्षानुवर्षे दुरुस्त केली आहेत असे कारागीर आपल्याकडे अजूनही आहेत, आणि बॅलन्स व्हील, हेअरस्प्रिंग, साफसफाई, तेल हा भाग त्यांना नवा नाही. त्यांना फक्त कॉइल आणि डाख यांची गोष्ट समजावून सांगावी लागेल, आणि कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू आपण स्वतः मिळवून त्यांच्या हाती द्यावा लागेल. पावसाळ्यातील दमट हवेत संपर्कबिंदू काळे पडतात, त्यामुळे ते तपासायला जरूर सांगावे. घड्याळ काढण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा करता येते. भरलेली बॅटरी जोडली असता एकदा ‘खट्ट’ आवाज येऊन घड्याळ काही मिनिटांत थांबले, तर बहुधा तेल सुकलेले आहे. काहीच आवाज आला नाही, तर बहुधा डाख सुटलेला आहे आणि कॉइल शाबूत असण्याची आशा आहे. करपल्याचा वास आला, तर तार लगेच काढावी.

ज्यांना श्वेनिंगनलाच घड्याळ द्यायचे आहे त्यांनी संग्रहालयात चौकशी करावी. मला पत्ता तेथेच मिळाला होता. उन्हाळ्यात चार आठवडे कार्यशाळा बंद असते. पार्सलने पाठवणार असाल तर काटे आणि तबकडी दाबली जाणार नाहीत अशा रीतीने घड्याळ डब्यात बसवा, तारा कापू नका, त्यांच्या टोकांवर रंगाची खूण करा, आणि उसळलेली पट्टी सापडली तर ती जशी आहे तशीच राहू द्या. ती सरळ करून, दाबून, जागेवर बसवून पाठवलेली घड्याळे त्यांच्याकडे बरीच येतात आणि त्यांना आधी ते सरळ करणे निस्तरावे लागते.